दोन ठोक्यांच्या मधलं काम: हृदयाच्या पेशीतले आयन पंप

मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर हृदयाचा एक फेरा ०.८ सेकंदात पूर्ण होतो. त्यातला सुमारे ०.३ सेकंद हृदयाचे खालचे कप्पे आवळलेले असतात आणि उरलेला अर्धा सेकंद सैल. या अर्ध्या सेकंदाला आपण सहज हृदयाची विश्रांती म्हणतो. रक्त ढकलण्याचं काम तेवढ्यापुरतं थांबलेलं असतं, हे खरं. पण स्नायूच्या पेशीत तेव्हा काय चाललंय हे पाहिलं, तर विश्रांती हा शब्द वापरवत नाही. हृदयाचा स्नायू आपोआप सैल पडत नाही, त्याला सैल करावं लागतं. त्याला ऊर्जा लागते, आणि ती खर्च करणारी यंत्रणा म्हणजे आयन पंप.

हृदयाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्के प्रत्यक्ष आकुंचनावर खर्च होते. उरलेली ३० ते ४० टक्के मुख्यतः या पंपांवर. म्हणजे जवळपास एक तृतीयांश इंधन रक्त ढकलण्यावर नाही, तर पुढच्या ठोक्याची तयारी करण्यावर जातं. ही तयारी नीट झाली नाही तर ठोका कमजोर पडतो, हृदय नीट भरत नाही किंवा ताल बिघडतो. हृदयाच्या कितीतरी दुखण्यांचं मूळ इथे सापडतं, आणि तरीही याविषयी सामान्य वाचकापर्यंत फारच कमी पोचतं, असं मला वाटतं.

आधी आयन म्हणजे काय, ते थोडक्यात. विद्युतभार असलेला अणू म्हणजे आयन. हृदयाच्या बाबतीत तीन आयन महत्त्वाचे: सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर असतं, लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, तर आत जेमतेम १०च्या आसपास. पोटॅशियमचं बरोबर उलट: आत सुमारे १४०, बाहेर फक्त ४. आणि कॅल्शियमचा फरक तर डोळे विस्फारणारा आहे. सैल पडलेल्या पेशीत मोकळं कॅल्शियम जितकं असतं, त्याच्या सुमारे दहा हजार पट बाहेर असतं.

पेशीच्या आवरणात आयनांना ये-जा करायला वाटा असतात. त्या उघडल्या की आयन जास्तीकडून कमीकडे आपोआप वाहतात, त्याला कष्ट लागत नाहीत. पंपाचं काम याच्या विरुद्ध दिशेचं: कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे आयन ढकलणं. भोक पडलेल्या नावेत बसलेला माणूस जसं सतत पाणी उपसत राहतो, तसं. नाव बुडत नाही ती भोक नाही म्हणून नव्हे, उपसणारा थांबत नाही म्हणून. आणि हृदयाच्या पेशीत तर ही भोकं मुद्दाम, दर ठोक्याला, एका ठरावीक क्रमाने उघडली जातात.

सगळ्यात आधी ओळख व्हायला हवी ती सोडियम-पोटॅशियम पंपाची. जेन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे तो उजेडात आणला, तोही खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना. त्या तंतूंमधलं एक विकर (एन्झाइम) सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असतील तरच जोमाने काम करतं, असं त्यांच्या लक्षात आलं. या कामासाठी त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, पण चाळीस वर्षांनी, १९९७ साली.

हा पंप चालतो कसा? पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं ते एक प्रथिन आहे. आतल्या बाजूने त्याला सोडियमचे तीन आयन चिकटतात. मग एटीपी हा पेशीचा इंधन-रेणू आपला एक फॉस्फेट गट पंपाला देऊन टाकतो. त्यासरशी पंपाचा आकार बदलतो, आतलं तोंड मिटतं, बाहेरचं उघडतं आणि तिन्ही सोडियम बाहेर पडतात. त्या उघड्या तोंडातून पोटॅशियमचे दोन आयन आत शिरतात, फॉस्फेट गळून पडतो, पंप पुन्हा पहिल्या आकारात येतो आणि पोटॅशियम पेशीत सोडलं जातं. तीन बाहेर, दोन आत, एक एटीपी खर्च. हृदयाच्या एकेका पेशीच्या आवरणात असे लाखो पंप असतात.

तीन धनभार बाहेर आणि दोनच आत, म्हणजे दर फेरीला एक धनभार जास्तीचा बाहेर जातो. त्याने पेशीची आतली बाजू थोडी ऋण होते, पण हा परिणाम लहान आहे. मोठा परिणाम वेगळाच. पंपाने आत कोंडलेलं पोटॅशियम आपल्या वाटांनी हळूहळू बाहेर झिरपतं, जाताना धनभार घेऊन जातं आणि त्यामुळे सैल पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ८५ ते ९० मिलिव्होल्टने ऋण राहते. या ताणावरच हृदयाची सारी वीज उभी आहे. ठोक्याचा इशारा आला की सोडियमच्या वाटा उघडतात, सोडियम धडाक्याने आत येतं आणि हा ताण क्षणात उलटतो. ईसीजीच्या कागदावर उमटणारी उंच टोकदार लाट म्हणजे खालच्या कप्प्यांच्या असंख्य पेशींमधला हाच बदल. पंप नसता तर सोडियमला आत येण्याची ही ओढच उरली नसती.

आता कॅल्शियम. हृदयाला ते लागतं हे सिडनी रिंगर या इंग्रज वैद्याने १८८३ साली दाखवून दिलं. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून ते मिठाच्या पाण्यात चालू ठेवण्याचे प्रयोग ते करत होते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय चांगलं चालायचं, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात मात्र लवकरच मंदावायचं. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. ते वेगळं घातल्यावर हृदय पुन्हा आकुंचन पावू लागलं. सलाइनच्या बाटलीवर आजही दिसणारं रिंगर हे नाव त्यांचंच.

एका ठोक्याच्या वेळी काय होतं ते आता पेशीत शिरून पाहू. विजेची लाट पेशीच्या आवरणावर पोचते तशा कॅल्शियमच्या वाटा उघडतात आणि बाहेरून थोडंसं कॅल्शियम आत येतं. आकुंचनाला ते पुरेसं नसतं. पण पेशीत जाळीसारखी पसरलेली एक पिशवी असते, तिच्यात कॅल्शियमचा साठा भरून ठेवलेला असतो. बाहेरून आलेलं थोडं कॅल्शियम या पिशवीची दारं उघडतं आणि साठ्यातलं पुष्कळसं कॅल्शियम भसकन बाहेर येतं. पेशीतलं मोकळं कॅल्शियम काही शतांश सेकंदांत कित्येक पटींनी वाढतं. ते स्नायूच्या धाग्यांवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, धाग्यांमधला अडसर दूर होतो आणि धागे एकमेकांवर सरकतात. पेशी आखडते.

इथवरची गोष्ट शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत असते. मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. जोवर कॅल्शियम मोकळं आहे तोवर धागे सैल पडणार नाहीत. म्हणजे आलेलं सगळं कॅल्शियम उचलून परत ठेवायला हवं, आणि तेही पुढचा ठोका येण्याआधी. माणसाच्या हृदयात यातलं सुमारे ७० टक्के कॅल्शियम सर्का नावाचा पंप परत पिशवीत भरतो, एका एटीपीच्या मोबदल्यात दोन आयन. उरलेलं बहुतेक सगळं पेशीच्या बाहेर काढलं जातं.

सर्काला एक लगाम आहे, फॉस्फोलँबन नावाचं चिमुकलं प्रथिन. ते सर्काला बिलगून त्याचा वेग कमी ठेवतं. तुम्ही जिना चढू लागलात, घाबरलात किंवा धावलात की ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा इशारा पेशीत पोचतो, फॉस्फोलँबनवर फॉस्फेट बसतो आणि लगाम सुटतो. सर्का वेगाने कॅल्शियम उचलू लागतो. याने दोन गोष्टी एकदम साधतात. स्नायू लवकर सैल होतो आणि पिशवी जास्त भरते, त्यामुळे पुढचा ठोका जोरदार पडतो. मिनिटाला १५० ठोके म्हणजे एका फेऱ्याला फक्त ०.४ सेकंद. एवढ्या वेळात आवळायचं, सैल व्हायचं आणि रक्ताने भरायचंही. सैल होण्याचा वेग वाढला नाही तर भरायला वेळच उरणार नाही. शिवाय डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः तो सैल असतानाच होतो. म्हणून हा लगाम सैल सोडण्याची सोय नसती तर आपल्याला धड पळताही आलं नसतं.

थायरॉइडचं संप्रेरकही सर्काचं प्रमाण वाढवतं. ते कमी पडलं की हृदय सावकाश सैल होतं. हातापायाच्या स्नायूंतही असाच पंप असतो. म्हणून थायरॉइड खूप कमी असलेल्या रुग्णाच्या घोट्यामागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, डॉक्टर हातोडीने टिचकी मारतात तेव्हा पाऊल झटक्याने खाली जातं, पण परत येताना रेंगाळतं. पंपाची मंदगती इथे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

बाहेर जाणाऱ्या कॅल्शियमचा प्रश्न राहिला. ते मुख्यतः एका अदलाबदल करणाऱ्या प्रथिनामार्फत जातं: सोडियमचे तीन आयन आत घ्यायचे, कॅल्शियमचा एक बाहेर टाकायचा. हे प्रथिन एटीपी वापरत नाही. सोडियमला आत येण्याची जी ओढ असते, तिच्याच जोरावर ते चालतं. आणि ती ओढ कोणी निर्माण केली? सोडियम-पोटॅशियम पंपाने. म्हणजे कॅल्शियमला हातही न लावणारा हा पंप कॅल्शियम किती बाहेर जाणार हे ठरवतो. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली या एका दुव्यात आहे.

हा दुवा समजला की डिगॉक्सिन हे औषध समजतं. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याला सूज उतरवणाऱ्या एका घरगुती काढ्याची माहिती मिळाली. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण देणारी त्यातली फॉक्सग्लव्ह असणार हे त्याने ओळखलं, वर्षानुवर्षं रुग्णांवर मात्रा ठरवत नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्याच कुळातल्या वनस्पतीपासून डिगॉक्सिन मिळतं. ते पेशीच्या बाहेरच्या बाजूने सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटतं आणि त्याला अडवतं. काही पंप अडले की आतलं सोडियम किंचित वाढतं, सोडियमची आत येण्याची ओढ कमी होते, कॅल्शियम बाहेर कमी जातं. ते कॅल्शियम सर्का पिशवीत भरून टाकतो. पुढच्या ठोक्याला साठ्यातून जास्त कॅल्शियम सुटतं आणि आकुंचनाला जोर येतो. एक पंप थोडा मंदावून हृदयाला बळ मिळतं ते असं.

पण यातला ‘थोडा’ फार महत्त्वाचा आहे. पिशवी प्रमाणाबाहेर भरली तर तिच्यातून भलत्याच वेळी कॅल्शियम गळतं. ते बाहेर काढताना अदलाबदल करणारं प्रथिन एका कॅल्शियममागे तीन सोडियम आत घेतं, धनभार आत येतो आणि वेळ नसताना विजेची लाट उठते. हाच तो अवेळी पडणारा, कधीकधी जिवावर बेतणारा ठोका. म्हणून हृदय कमजोर असलेल्या रुग्णात डिगॉक्सिनची रक्तातली पातळी आज मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम ठेवतात, आणि २च्या वर गेली की विषबाधेची भीती वाढते. मळमळ, भूक मरणं, वस्तू पिवळसर दिसणं ही तिची लक्षणं. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड थकलेलं असेल तर नेहमीचीच मात्रा जास्त ठरू शकते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत डिगॉक्सिनने मृत्यूचं प्रमाण बदललं नाही, मात्र हृदय कमजोर होऊन रुग्णालयात जाण्याची वेळ कमी आली. आज ते निवडक रुग्णांनाच देतात.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. कण्हेर आणि पिवळी कण्हेर या झाडांत याच जातीची रसायनं असतात आणि तीही याच पंपाला अडवतात. त्यांची मात्रा घरी ठरवता येत नाही. त्यांचा काढा, बी, पान कुठल्याही कारणाने पोटात घेऊ नये.

डिगॉक्सिन आणि पोटॅशियम पंपावर एकमेकांशी स्पर्धा करतात. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं तर डिगॉक्सिनला पंप सहज मिळतो आणि तीच मात्रा विषारी ठरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, उलट्या, जुलाब या सगळ्यांत पोटॅशियम घटतं. डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसाला जुलाब झाले तर डॉक्टर लगेच रक्त तपासायला सांगतात, ते यासाठी. पण औषध नसतानाही कमी पोटॅशियम घातकच, कारण बाहेर पोटॅशियम अपुरं असलं की पंपाला उचलायलाच काही मिळत नाही आणि तो मंदावतो. मॅग्नेशियमही लागतं, कारण एटीपी पंपाच्या कामी येतो तो मॅग्नेशियमला जोडलेला असतानाच.

उलट बाजूला, पोटॅशियम फार वाढलं तर पेशीचा विद्युत ताणच ढासळतो. ईसीजीतली टी लाट, म्हणजे पेशींचा ताण पूर्ववत होताना उमटणारी लाट, उंच आणि टोकदार होते, मग लाटा रुंदावतात, शेवटी हृदय थांबू शकतं. अशा वेळी डॉक्टर इन्शुलिन आणि सोबत ग्लुकोज देतात. मधुमेह नसलेल्या माणसाला इन्शुलिन पाहून नातेवाईक गोंधळतात. पण इन्शुलिन सोडियम-पोटॅशियम पंपाला वेग देतं, आणि पंप रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ओढून घेतो. दम्याच्या साल्ब्युटामॉलचाही इथे असाच उपयोग होतो.

हृदयविकाराच्या झटक्यात मात्र पंपांची उपासमार होते. हृदयात एटीपीचा साठा काही सेकंद पुरेल एवढाच असतो, तो सतत नव्याने तयार व्हावा लागतो. रक्तवाहिनी बंद झाली, प्राणवायू तुटला की पंप मंदावतात. पेशीत आम्ल साचतं, ते बाहेर टाकण्याच्या बदल्यात आणखी सोडियम आत येतं. आतलं सोडियम एवढं वाढतं की अदलाबदल करणारं प्रथिन उलटं फिरून कॅल्शियम बाहेर काढण्याऐवजी आत आणू लागतं. दुसरीकडे पोटॅशियम पेशीबाहेर साचतं, आजारी आणि निरोगी भागांतला विद्युत ताण वेगवेगळा होतो आणि तालाचा पूर्ण बोजवारा उडण्याचा धोका उभा राहतो. झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत होणारे अचानक मृत्यू बरेचदा या तालभंगाने होतात. छातीत दाब आल्यावर ‘थोडी वाट पाहू’ म्हणणं का नको, याचं पेशीच्या पातळीवरचं उत्तर हे आहे.

दीर्घकाळ कमजोर झालेल्या हृदयाची कथा संथ असते. त्यात सर्काचं काम घटतं, लगामाचा जोर वाढतो, पेशीतलं सोडियमही चढं राहतं. पिशवी पुरती भरत नाही, म्हणून ठोका कमजोर. कॅल्शियम वेळेत उचललं जात नाही, म्हणून स्नायू ताठर. १८७१ साली हेन्री बाउडिच यांनी बेडकाच्या हृदयावर पाहिलं होतं की ठोके जलद केले की आकुंचनाचा जोर पायरीपायरीने वाढत जातो. निरोगी माणसाच्या हृदयातही असं होतं, कारण पिशवी अधिकाधिक भरत जाते. कमजोर हृदयात ही चढण सपाट होते, कधी उतरणीला लागते. चार पायऱ्या चढल्यावर नाडी वाढते, सैल व्हायचा वेळ घटतो, मंद पंप मागे पडतात, भरण्याचा दाब फुप्फुसांपर्यंत मागे सरकतो आणि धाप लागते.

इको तपासणीत डायस्टोलिक डिसफंक्शन, ग्रेड १ असं लिहिलेलं असतं, ते याच सैल होण्याबद्दल. निरोगी तरुण हृदय सैल होताना रक्त जणू ओढून घेतं, त्यामुळे भरण्याची पहिली लाट मोठी आणि वरच्या कप्प्याच्या शेवटच्या धक्क्याची लाट लहान असते. सैल होणं मंदावलं की हे प्रमाण उलटतं. वयाबरोबर असं पुष्कळांत दिसतं आणि लक्षणं नसतील तर नुसत्या ग्रेड १ने धास्तावण्याचं कारण नाही. यामागे फक्त पंप नसतात. भिंत जाड होणं, तिच्यात तंतू वाढणं हेही असतं. पण अहवालातला इजेक्शन फ्रॅक्शनचा (डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं त्याचा) आकडा ६० टक्के, म्हणजे उत्तम असूनही माणसाला दम का लागतो, याचं उत्तर मात्र डायस्टोलिक डिसफंक्शनच्या त्या ओळीत असू शकतं. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब हे भिंत जाड होण्याचं मोठं कारण, म्हणून तो आटोक्यात ठेवणं इथे सगळ्यात उपयोगी.

थेट पंपच दुरुस्त करता येईल का? सर्काचं जनुक निरुपद्रवी विषाणूवर बसवून हृदयात पोचवण्याचा प्रयत्न झाला. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पण २५० रुग्णांवरच्या पुढच्या चाचणीत, जिचे निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाले, फायदा दिसला नाही. तपासलेल्या ऊतींमध्ये जनुक फारच कमी पोचलं होतं, म्हणजे सर्का वाढवण्याची कल्पनाच चूक होती असं यावरून म्हणता येत नाही. ॲड्रेनलिनचा मार्ग चेतवणारी औषधं काही दिवस जोर देतात, पण त्यातलंच मिल्रिनोन दीर्घकाळ गोळीतून दिल्यावर मृत्यू वाढले, हे १९९१ सालच्या चाचणीने दाखवलं. इस्टारॉक्सिम नावाचं एक औषध सध्या अभ्यासात आहे. ते शिरेतून देतात, ते सोडियम-पोटॅशियम पंपाला आवरतं आणि त्याच वेळी सर्काला चालना देतं. हृदय अचानक कमजोर होऊन रक्तदाब घसरलेल्या रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत त्याने रक्तदाब वाढला. त्याने माणसं जास्त जगतात का, हे मोठ्या चाचण्यांतूनच कळेल.